बळाचे शिक्षण आणि बळाची परीक्षा

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, पापनाशम नावाचे एक गाव आहे. तिरुनेलवेलीकडे डोंगराच्या पायथ्याशी असलेले पापनाशम ते निराळे. हे भातशेतीचे पापनाशम. येथील पालैवननाथ शिवमंदिराच्या आवारात विटांचे एक भव्य धान्यकोठार उभे आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नायक राजांच्या कारकिर्दीत ते बांधले गेले. पुढे याच मुलखावर व्यंकोजीराजांचा आणि त्यांच्या वंशजांचा अंमल १७९९ पर्यंत होता, म्हणून मराठी माणसाला हा प्रदेश अगदी परका वाटत नाही. या कोठारात ३००० कलम भात मावते असे सांगतात. एक कलम म्हणजे बारा मरक्काल. म्हणजे हे कोठार भरायचे तर मरक्कालाचे माप छत्तीस हजार वेळा ओतावे लागणार. एवढे मोठे कोठार एका दिवसात भरत नाही, आणि एका हंगामाच्या घाईने ते भरण्याचा प्रयत्नही कोणी करीत नाही.

वाढत्या वयातील मुलामुलींनी बळ कसे कमवावे, या प्रश्नाचा विचार करताना हे कोठार डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. बळ हेदेखील मापामापानेच साठते. तरीही या साध्या गोष्टीविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते आढळतात. पहिले मत घरातील वडीलधाऱ्यांचे. मुलाने वजन उचलले की त्याची उंची खुंटते, सांधे बिघडतात, म्हणून अठरा वर्षांपर्यंत त्याने वजनाला हातही लावू नये, असे ते म्हणतात. दुसरे मत उत्साही तरुणांचे आणि काही प्रशिक्षकांचेही. मूल धावण्यात किंवा कुस्तीत चमकू लागले की त्याच्या खांद्यावर शक्य तितके वजन द्यावे, घाम आणि वेदना यांच्याशिवाय बळ येत नाही, असे त्यांना वाटते. पहिल्या मतामुळे मुले दुबळी राहतात. दुसऱ्यामुळे ती जायबंदी होतात, किंवा कंटाळून मैदानच सोडून देतात. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच घोटाळा आहे, तो म्हणजे बळाचे शिक्षण आणि बळाची परीक्षा या दोन गोष्टी एकच मानण्याचा.

तामिळनाडूच्या दक्षिण भागातील अनेक गावांत ‘इळवट्टक्कल’ नावाचा एक गुळगुळीत, गोल दगड असतो. गावातील तरुणाने तो जमिनीवरून उचलून, छातीवर घेऊन, खांद्यावरून मागे टाकायचा, अशी रीत होती. पूर्वी ही लग्नाच्या वयाला आलेल्या तरुणाची कसोटी समजली जाई. आजही पोंगलच्या दिवसांत काही गावी त्याच्या स्पर्धा होतात. आपल्या तालमींतही दगडी नाल उचलण्याची चाल होती. या चालीरीतींत एक शहाणपण दडलेले आहे. ही परीक्षा वयात आलेल्या तरुणाची होती आणि ती सणासुदीला होत असे. बारा वर्षांच्या पोराला रोज सकाळी तो दगड उचलायला लावावा, असे कोणत्याही गावाने ठरविले नव्हते. परीक्षा वर्षातून एकदा, आणि अभ्यास मात्र वर्षभर, हा शाळेतला नियम शरीरालाही लागू आहे.

आपल्या जुन्या ग्रंथकारांनाही हा भेद ठाऊक होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांची वय, शरीर आणि बळ यांवरून वर्गवारी केलेली आहे, आणि त्यांच्या श्रमांचेही प्रकार सांगितले आहेत. वाळूची पिशवी घेऊन करावयाचा तो भारश्रम, चालण्याचा तो भ्रमणश्रम, पाण्यातला तो सलिलश्रम आणि खांबावरचा तो स्तंभश्रम. यांपैकी ओझ्याचा श्रम हा एक प्रकार झाला. बाकीचे चालण्याचे, पोहण्याचे आणि स्वतःचे शरीर तोलण्याचे. उमेदवारी करणाऱ्या मल्लाला या ग्रंथात ‘भविष्णु’ असे सुंदर नाव दिलेले आहे. भविष्णु म्हणजे जो होऊ घातला आहे तो. जो अजून घडतो आहे त्याला घडलेल्याच्या मापाने मोजू नये, हा सगळा अर्थ या एका शब्दात आला.

आयुर्वेदाने तर व्यायामाला मर्यादाच घालून दिली. आपल्या शक्तीच्या अर्ध्यापर्यंत व्यायाम करावा, असा सुश्रुताचा आणि वाग्भटाचा उपदेश आहे. दम लागून तोंडाने श्वास येऊ लागला की ही अर्धी शक्ती खर्च झाली, असे सुश्रुताने सांगितले. वाग्भटाने मात्र ज्यांना व्यायाम वर्ज्य सांगितला त्यांत वृद्धांबरोबर बालकही घातले आहे. येथे आजचे शास्त्र त्याच्याशी सहमत नाही. परंतु अर्ध्या शक्तीचा नियम मात्र इतक्या शतकांनंतरही मुलांच्या बाबतीत फारसा बदलावा लागत नाही.

आता शरीरात काय घडते ते पाहू. मुलांची लांब हाडे त्यांच्या टोकांजवळ असलेल्या मऊ कूर्चेच्या थरातून वाढतात. साधारणपणे मुलींमध्ये पंधराव्या वर्षाच्या आणि मुलांमध्ये सतराव्या वर्षाच्या आसपास हे थर हाडात रूपांतरित होतात आणि उंचीची वाढ थांबते. हा थर हाडापेक्षा नाजूक असतो, म्हणून वजनाच्या भाराने तो चेपेल आणि मूल बुटके राहील, अशी भीती पूर्वी डॉक्टरांनाही वाटत असे. गेल्या काही दशकांत या विषयाचा कसून अभ्यास झाला. योग्य देखरेखीखाली, बेताच्या वजनाने केलेल्या व्यायामामुळे उंची खुंटल्याचा पुरावा मिळाला नाही. २०१४ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून जे एकमताचे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात असा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित आणि हितकर असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी रोज सरासरी एक तास शारीरिक हालचाल, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम सुचविले आहेत. खरे म्हणजे उडी मारून जमिनीवर येताना मुलाच्या पायांवर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि उड्या मारणे तर कोणीच बंद करीत नाही. उलट, हाडांना असा भार मिळाला तरच ती घट्ट होतात. उंची सर्वाधिक वेगाने वाढते त्या काळाच्या आसपासच्या दोन वर्षांतच प्रौढपणीच्या अस्थिद्रव्याचा सुमारे चौथा भाग साठतो. ही वर्षे नुसती बसून घालवली, तर पुढे ती भरपाई करणे कठीण जाते.

दहा-अकरा वर्षांच्या मुलाने काही आठवडे जोर-बैठका काढल्या, तरी त्याचे दंड फुगत नाहीत. हे पाहून घरची माणसे व्यायाम वाया गेला असे समजतात. पण वयात येण्यापूर्वी स्नायूंचा आकार वाढविणारे अंतःस्राव शरीरात फारच थोडे असतात. या वयात बळ वाढते ते मज्जातंतूंच्या शिक्षणाने. कोणत्या स्नायूने केव्हा आकुंचन पावावे, किती तंतूंनी एकदम कामाला लागावे, कोणी ढिले राहावे, हे मेंदू शिकतो. आठ ते बारा आठवड्यांच्या नियमित सरावाने मुलांचे बळ सुमारे तीस टक्क्यांनी, कधी त्याहूनही अधिक, वाढल्याचे दिसून आले आहे. म्हणजे या वयातला व्यायाम हा एका परीने लेखनाच्या सरावासारखा आहे. अक्षर वळणदार व्हावे म्हणून आपण मुलाला जड लेखणी देत नाही. हलकी लेखणी देतो आणि वळण पुन्हा पुन्हा गिरवून घेतो. आणि सराव सुटला की हे कमावलेले बळ काही आठवड्यांत ओसरूही लागते. नियमितपणा म्हणूनच प्रमाणापेक्षा मोलाचा.

यानंतर येतो तो उंची झपाट्याने वाढण्याचा काळ. मुलींमध्ये बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास हा वेग सर्वाधिक असतो. हाडे आधी लांबतात. स्नायू आणि त्यांचे बंध मागाहून त्यांना गाठतात. कालपर्यंत सफाईने धावणारे मूल अचानक अडखळू लागते, गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखू लागते. कावेरीच्या खोऱ्यात भाताचे रोप लावणी झाल्यावर काही दिवस माना टाकते. शेतकरी त्या दिवसांत त्याला जपतो, उपटून पुन्हा पाहत नाही. अशा काळात प्रशिक्षकाने भार आणि उड्या कमी कराव्या, तोल आणि हालचालीची सफाई यांवर भर द्यावा. मुलाची उंची दर तीन महिन्यांनी भिंतीवर खूण करून मोजली, तर हा काळ सहज ओळखता येतो. त्यासाठी कोणतेही महागडे साधन लागत नाही.

मग अपाय होतो तो कशाने? अमेरिकेतील रुग्णालयांतल्या नोंदींचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या व्यायामात आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना झालेल्या दुखापतींपैकी सुमारे दोनतृतीयांश हाताच्या आणि पायाच्या पंजांना झालेल्या होत्या. त्यांतील बहुतेकांचे कारण वजन अंगावर पडणे किंवा बोटे चिमटणे हे होते. म्हणजे दोष व्यायामाचा थोडा आणि निष्काळजीपणाचा अधिक. घरात कोपऱ्यात ठेवलेली लोखंडी साधने, मोठ्या माणसांच्या मापाची यंत्रे, मित्रांमधली पैज, आणि पाहणारे कोणी नाही, या चार गोष्टी एकत्र आल्या की अपघाताला निमंत्रण मिळते. याला अलीकडे पाचवी गोष्ट जोडली गेली आहे, ती म्हणजे झटपट शरीर कमावून देण्याच्या आमिषाने विकल्या जाणाऱ्या भुकट्या आणि औषधे. त्यांपैकी काहींत अंतःस्रावांसारखी द्रव्ये असतात, आणि ती वाढीच्या कूर्चेचे थर अकाली बंद करून उंची खरोखरच खुंटवू शकतात. वजनाला भिणाऱ्या पालकांनी भ्यायचेच असेल तर या डब्यांना भ्यावे.

आता प्रत्यक्ष व्यायामाकडे वळू. सुरुवात कोणत्या वयात करावी? मुलाला सांगितलेले ऐकता येते, सूचनेप्रमाणे थांबता येते आणि अंगाचा तोल सांभाळता येतो, तेव्हा. बहुतेक मुले सात-आठ वर्षांची होताना या स्थितीला येतात. हृदयविकार, उच्च रक्तदाब, फिट्स येणे किंवा असा दुसरा आजार असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

पहिली पायरी स्वतःच्या शरीराची. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या, शिडीला लोंबकळणे, पोटावर फळीसारखे ताठ राहणे, जोडीदाराचे हात धरून चारी पायांनी चालणे, एवढ्यावर पहिले काही महिने भागते. तामिळ खेड्यांतही जोराला ‘तण्डाल’ म्हणतात. आपल्या ‘दंड’ या शब्दाशी त्याचे नाते कानाला लगेच जाणवते. ज्याला पूर्ण जोर काढवत नाही त्याने हात भिंतीला किंवा ओट्याला टेकून काढावा. त्यात कमीपणा नाही. दुसरी पायरी हलक्या साधनांची: छोटी करेल, रबरी पट्टे, मऊ जड चेंडू, वाळूची लहान पिशवी. तिसरी पायरी डंबेल किंवा वजनाच्या दांडीची. तीही आरंभी रिकामी किंवा लाकडाची असावी, आणि हालचाल निर्दोष झाल्यावरच तिच्यावर वजन चढवावे.

प्रमाणाविषयी थोडे आकडे लक्षात ठेवावे. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, तेही लागोपाठ नव्हेत. आधी पाच-दहा मिनिटे धावून, उड्या मारून अंग गरम करावे. मग सहा-आठ प्रकार निवडावे, ज्यांत पाय, पाठ, पोट, छाती आणि खांदे सगळ्यांना काम मिळेल. प्रत्येक प्रकार आठ ते पंधरा वेळा. असे एक किंवा दोन फेरे पुरेत. शेवटची एक-दोन आवर्तने शिल्लक ठेवूनच थांबावे. ठरलेली संख्या सफाईने आणि सहजपणे होऊ लागली, की भार पाच ते दहा टक्क्यांनी वाढवावा, त्याहून एकदम अधिक नको. जोर लावताना श्वास सोडावा. तो कोंडून धरू नये. अंगाचे वळण बिघडले की संख्या पुरी झाली नसली तरी थांबावे. हजार बैठकांची शपथ घेणाऱ्या मल्लांच्या गोष्टी ऐकायला छान असतात; भविष्णूने त्या गोष्टीच म्हणून ऐकाव्या.

प्राचीन ग्रीसमध्ये क्रोटोनचा मिलो नावाचा मल्ल होऊन गेला. तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले. वासरू वाढून बैल झाले, तोवर मिलोही बैल उचलण्याजोगा झाला, अशी आख्यायिका आहे. हळूहळू भार वाढविण्याचे तत्त्व या कथेत उत्तम सांगितले आहे. तीत एकच गोष्ट राहून गेली. वासरू कधी थांबत नाही, ते रोज वाढतच जाते. माणसाच्या शरीराला मात्र अधूनमधून विसावा लागतो. म्हणून भार वाढविण्याइतकेच तो काही दिवस न वाढविणेही शिकवावे लागते.

आपल्याकडे या सर्व तत्त्वांचा मेळ घालणारे एक साधन आहे. ते म्हणजे मलखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे रूप दिले. त्यांना वणीच्या सप्तशृंगीच्या ठिकाणी मारुतीने स्वप्नात तिचे ज्ञान दिले, असे परंपरा सांगते. पुढे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके दाखविली. आणि २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मलखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तामिळनाडूत, विशेषतः विलुप्पुरमकडे, हीच विद्या ‘मल्लर कंबम’ या नावाने मुले शिकतात. मलखांबावर मूल स्वतःचेच वजन उचलते, त्यामुळे ते वजन त्याच्या वाढीबरोबर आपोआप वाढते. साधी पकड, मग अढी, मग त्याहून अवघड उड्या, असा क्रम असल्याने पायरी चुकविता येत नाही. खाली गादी असते आणि शेजारी हात पुढे करून शिक्षक उभा असतो. दोरीच्या मलखांबावर तर आज हजारो मुली चढतात. बळाचा व्यायाम मुलींना शोभत नाही, किंवा त्याने त्या राकट दिसतील, या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही. पायांच्या स्नायूंचे बळ आणि उडीवरून नीट उतरण्याचे शिक्षण मिळालेल्या मुलींना गुडघ्याच्या गंभीर दुखापती कमी होतात, हेही आता सिद्ध झाले आहे.

दुखापत टाळण्याची गोष्ट निघाली म्हणून एक आकडा सांगतो. युरोपातील चार देशांत, सात ते तेरा वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना सरावाआधी पंधरा-वीस मिनिटे तोल, उड्या आणि बळ यांचे व्यायाम दिले गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, असे व्यायाम करणाऱ्यांच्या दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या. म्हणजे बळ हे खेळाडूचे चिलखतही आहे.

पण मूल व्यायामाला पुन्हा येईल कशासाठी? चिलखतासाठी नव्हे, आनंदासाठी. लंगडीत एका पायाचे बळ वाढते, बेडूकउड्यांत मांड्यांचे, रस्सीखेचीत पाठीचे आणि पकडीचे. कबड्डीत, जिला तामिळ मुलखात ‘सडुगुडु’ म्हणतात, सगळ्या अंगाला काम पडते. शहाणा शिक्षक हे खेळ व्यायामाच्या मधे पेरतो. तो मुलांची एकमेकांशी तुलना करीत नाही. प्रत्येकाला वही देऊन त्याच्या स्वतःच्या गेल्या महिन्याशी तुलना करायला लावतो. चूक केली म्हणून शंभर बैठकांची शिक्षा देणे, ही तर मुलाच्या मनात व्यायामाचा तिटकारा निर्माण करण्याची खात्रीची युक्ती आहे. जी गोष्ट शिक्षा म्हणून भोगली ती पुढे कोणी हौसेने करीत नाही.

आहाराचे गणित सोपे आहे. भात-वरण, भाकरी, उसळ, शेंगदाणे, दूध-दही आणि चालत असेल तर अंडे किंवा मासळी, एवढ्यातून वाढत्या खेळाडूला लागणारी प्रथिने मिळतात. रात्रीची आठ-नऊ तासांची झोप हे तर सर्वात स्वस्त टॉनिक. कावेरीकाठी काय किंवा कोकणात काय, दमट उन्हाळ्यात व्यायाम पहाटे किंवा संध्याकाळी करावा, जवळ पाणी असावे, आणि चक्कर किंवा मळमळ वाटताच सावलीत बसावे.

या सर्वांवर देखरेख हवी. साताऱ्याच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांना कुस्तीचे पहिले धडे लहानपणी पैलवान वडिलांकडून मिळाले. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा ते सत्तावन्न किलोंच्या हलक्या गटात लढत होते. बळ आकारात मावत नाही, आणि ते जाणत्या नजरेखाली वाढते, या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रात दिसतात. प्रत्येक मुलाला असे वडील लाभतील असे नाही. परंतु गावोगावच्या शाळेत व्यायाम जाणणारा एक शिक्षक, एक गादी, काही दोर आणि मुलांची उंची मांडलेली एक भिंत असणे अशक्य नाही. पालकांनीही मुलाला ‘किती उचललेस?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय नवे जमले?’ असे विचारावे. परीक्षेचा दिवस येईल तेव्हा येईल. इळवट्टक्कल आपल्या जागी आहे, नाल तालमीच्या कोपऱ्यात आहे, स्पर्धेचे मैदानही कुठे जात नाही. आज मुलाच्या हाती फक्त एक माप धान्य आहे. ते न सांडता कोठारात पडावे, एवढेच आपण पाहायचे आहे.